बारा हजार लिटर समुद्र

नागपूर
बुधवार, ७ मे २०२५
सायंकाळचे चार वाजून वीस मिनिटे. तंबूमागे बसून मीठ मोजत होतो, ते बाजूला ठेवून लिहितो आहे.

प्रिय मोनालीताई,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक. आईचा गुडघा उन्हाळ्यात बरा असतो, तसा बरा आहे. ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. कूलरमध्ये दुपारी दोनदा पाणी भरावं लागतं. मी पाठवलेले गमबूट मापात बसले का? दुकानदार म्हणाला, बायकांचा सहा नंबर म्हणजे हाच. घट्ट होत असतील तर पावती माझ्याकडे आहे.

हे पत्र घरी न पाठवता जेट्टीवरच्या तुमच्या मासळी सर्वेक्षणाच्या ऑफिसात पाठवतो आहे. पिनकोड दोनदा तपासला. कारण काही विशेष नाही. तुझा फोन पाण्यात पडल्यापासून घरात एकच फोन आहे आणि तो भाऊजी उचलतात. मला विचारायचं आहे ते तुझ्या कामातलं आहे.

बुटीबोरीच्या गिरणीचं कंत्राट फेब्रुवारीत संपलं, हे तुला माहीत आहे. आता मी मानेवाडा रोडवरच्या मैदानात मासळीच्या मेळ्यात आहे. काचेच्या बोगद्यातून चालायचं, दोन्ही बाजूंना मासे, बाहेर आकाशपाळणा. तिकीट शंभर रुपये. आधी मी गाड्या लावून घेत होतो. २२ एप्रिलपासून शेठने मला टाक्यांवर घेतलं. पगार दोन हजारांनी वाढला. बाहेर पाटीवर "खरा शार्क" असं लिहिलं आहे.

तो शार्क नाही, एवढं मला तू सांगितलेल्या गोष्टींवरून कळतं. पुढून पाकटासारखा चपटा, मागून मुशीसारखा, म्हणजे छोट्या शार्कसारखा. कल्ले खालच्या बाजूला. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब. दिवसभर वाळूवर पडून असतो. लोक चिडतात. काल एक आजोबा काचेला नाक लावून म्हणाले, "हा काय शार्क हाय गा? याच्यावरून तं ट्रक गेला." तिकीट खिडकीवरचा साहिल म्हणतो, "बाबाजी, शंभर रुपयांत झोपलेलाच भेटते. जागा पायजे तं दीडशे लागतात."

हसू येतं, पण ताई, तो काही खात नाही. पंखांच्या कडा लाल झाल्या आहेत. पाण्याची मी फार काळजी घेतो. टाकी बारा हजार लिटरची. उन्हाने आणि पंख्यांनी रोज दोनशे लिटर पाणी उडतं. मी रोज संध्याकाळी दोनशे लिटर नवीन पाणी घालतो. नुसतं नाही घालत. समुद्राचा मासा आहे म्हणून लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशोबाने सात किलो मीठ काट्यावर मोजून विरघळवतो आणि मगच घालतो. इतवारीतून खडे मीठ आणतो. एक दिवस चुकवला नाही. मग त्याला काय होतं आहे?

ऑफिसच्या फोनवरून कळव. भाऊजी कोल्हापूरहून इंजिनाचं काम करून नीट परतले ना? त्यांना जयभीम सांग. किंवा नको सांगू. पत्राचं काही बोलू नकोस.

तुझा,
अंकुश


नागपूर
मंगळवार, १३ मे २०२५
दुपारचा एक. टाकीजवळ स्टुलावर बसून आहे. खेळ चारला सुरू होतो.

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

रविवारी तू फोन केलास. तू म्हणालीस, "अरे वेड्या, पाणी उडतं, मीठ कुठं उडतं? आमच्याकडं मिठागरात काय करतात मग?"

मिठागर मी पाहिलेलं नाही. तलाव पाहिले आहेत. अंबाझरी आटतो तेव्हा नुसता चिखल राहतो. पाण्याच्या मागे काही उरतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. तुमच्याकडच्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असेल. मी रोज सात किलो मीठ वर घालत होतो, तेही काट्यावर मोजून. आळशी माणूस या जागी असता तर त्याने नळाला पाइप लावून दिला असता आणि मासा बरा राहिला असता.

तू सांगितलंस तसं केलं. एकदम बदल नाही. थोडं पाणी काढायचं, एक दिवस उघड्यावर ठेवलेलं साधं पाणी थोडं घालायचं. रविवारपासून तेच करतो आहे.

तू विचारलंस, "कोणता मासा आहे? कुठून आणला?" मी म्हणालो की रेंज जाते आहे. ताई, रेंज गेली नव्हती.

मासा कोणता ते लिहितो. शेठच्या मोबाइलवर चित्रं पाहिली. गिटार मासा. तुम्ही जेट्टीवर ज्याचं चित्र लावलं आहे, ज्याच्याखाली "जिवंत सापडला तर सोडा, धरला तर गुन्हा" असं लिहिलं आहे, तोच. मागच्या दिवाळीत तू मला त्या चित्राजवळ उभं करून सांगितलं होतंस. बांगडा लाखाने अंडी घालतो, तो पुन्हा भरून येतो. हे मासे मोठे व्हायला कितीतरी वर्षं घेतात आणि माणसासारखी पोटात वाढवून मोजकीच पिल्लं देतात, म्हणून गेले की गेले. मी तेव्हा भज्यांकडे बघत होतो. पण ऐकलं होतं.

काल बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो. आईने खीर केली होती. चार वाजता कामावर आलो, तर टाकीभोवती गर्दी आणि शेठ मोबाइल उंच धरून ओरडत होता, "अंकुश, पाह्य ना बे, डिलिव्हरी होऊन राहिली!"

ती मादी होती. तिच्या अंगाखालून पिल्लं बाहेर येत होती. चार. वीतभर, तिच्यासारखीच हुबेहूब. पण पोटाशी प्रत्येकाच्या पिवळी पिशवी तशीच होती, लिंबाएवढी. म्हणजे दिवस भरले नव्हते ना? दोन हललीच नाहीत. मी जाळीने बाहेर काढली. एक बाई म्हणाली, "काहून काढून राहिला रे? राहू दे ना मायजवळ."

शेठने आज फ्लेक्स लावला आहे. "नागपुरात प्रथमच शार्कची प्रसूती." तिकीट दीडशे केलं. साहिलसुद्धा आता विनोद करत नाही.

उरलेल्या दोघांना काय खायला घालू? की पिशवी आहे तोवर काही द्यायचं नाही? फोन करू नकोस. बाहेर गर्दी असते. ऑफिसातून नुसता मेसेज कर.

कुठून आणला ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा,
अंकुश


नागपूर
शनिवार, २४ मे २०२५
सकाळचे सात. घरीच आहे. आई नळावर गेली आहे, ती येण्याआधी लिहून संपवायचं आहे.

प्रिय ताई,

जयभीम.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. ऑफिसात खुर्ची असेल.

चारही पिल्लं गेली. तिसरं १४ तारखेला, चौथं १७ला सकाळी. चौथं चांगलं पोहत होतं. आईच्या पाठीवर जाऊन बसायचं. त्या सकाळी ते पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी चिकटलेलं होतं. मी बाहेर जाऊन वनविभागाला फोन लावला. नाव, पत्ता, सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, ते येतील आणि मादीला समुद्रात घेऊन जातील. एवढंच डोक्यात होतं.

ते दोन तासांत आले. वंदना मॅडम म्हणून एक अधिकारी होत्या. टाकीजवळ बसून त्यांनी पाण्यात हात घातला आणि विचारलं, "खारं पाणी कोण बनवतो?" मी म्हणालो, "मी." त्या म्हणाल्या, "आता तूच बनवत राहा. इथे दुसऱ्या कोणाले येत नाही." मेळ्याला सील लावलं, पण मला आत राहू दिलं. ऑक्सिजनची टाकी असलेली गाडी किनाऱ्यावरून मागवली. ती रविवारी दुपारी निघाली. सोमवारी सकाळी वाशिमच्या पुढे आल्याचा फोन आला, तेव्हा मादी उलटी झालेली होती. पोट पांढरं असतं त्यांचं. तोंड खालच्या बाजूला असतं, ते पहिल्यांदाच नीट दिसलं. हसल्यासारखं दिसतं. मला ते बघायचं नव्हतं.

आता कुठून आणला ते.

एप्रिलमध्ये लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते, कारण पाटीवर शार्क होता आणि आत नव्हता. शेठ सगळ्यांवर ओरडत होता. मी म्हणालो, "शेठ, माझे भाऊजी समुद्रावर हायत. त्यांले विचारून पाहू काय?" माझ्याच तोंडून निघालं. कोणी विचारलं नव्हतं. मला गाड्यांवरून टाक्यांवर यायचं होतं.

भाऊजी आधी नाही म्हणाले. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. जाळ्यात एक जिवंत आला होता. मी म्हणालो, ताई म्हणते हे सोडायचे असतात. ते हसले. म्हणाले, "सोडला तर काय मिळणार? तुझ्या ताईची शाबासकी. ती तर मला तशीपण मिळत नाही." शेठने बारा हजार दिले. भाऊजी पिकअपमध्ये प्लास्टिकच्या टाकीत घालून रात्रंदिवस गाडी चालवत घेऊन आले. कोल्हापूर, इंजिन, ते सगळं खोटं होतं. मी पहिल्या पत्रात कोल्हापूरचं विचारलं, तेही तुझा संशय जावा म्हणून. ते इथे आमच्याकडे जेवले. आईने विचारलं, मोनाली काहून नाही आली, तर म्हणाले, तिला जेट्टीवरून सुटी नाही.

ताई, त्यांनी वाटेत दर दोन तासांनी थांबून तिच्यावर पाणी ओतलं होतं. ते वाईट माणूस नाहीत, हे तुला मी सांगायला नको. टाकीत सोडताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "भरलेली दिसते." मी विचारलं, भरलेली म्हणजे? तर म्हणाले, काही नाही, तू तुझं काम कर.

२१ तारखेला त्यांचा फोन आला. कसं कळलं माहीत नाही, मेळ्याचा व्हिडिओ फिरतो आहे, त्यात पाहिलं असेल. म्हणाले, "अंकुश, दंड भरीन मी. आत बसावं लागलं तर बसेन. पण तिला कळू देऊ नकोस. ती रोज लोकांच्या पाया पडते जेट्टीवर, एक पाकट सोडा म्हणून. तिला हे कसं सांगू मी?"

मी त्यांना म्हणालो, सांगत नाही.

शेठ कालपासून दोनदा घरी आला. म्हणतो, "कोणी व्यापारी देऊन गेला, नाव मालूम नाही, एवढंच बोल. दिवाळीले पुन्हा मेळा लावू, तुले मॅनेजर करतो." आई चहा करत होती, तिला वाटलं चांगली बातमी आहे. तिला अजून काही माहीत नाही. पौर्णिमेनंतरच्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना जीवहिंसा न करण्याच्या पहिल्याच ओळीला माझा आवाज बंद झाला. आई म्हणाली, घसा बसला असेल, मिठाच्या गुळण्या कर.

शुक्रवारी, ३० तारखेला, अकरा वाजता माझा जबाब आहे. वंदना मॅडमनी एकच गोष्ट विचारली आहे. कोणी आणला. मी सांगणार आहे. आधी माझं नाव, मग भाऊजींचं. मादी मेली नसती तर कदाचित मीही व्यापारी म्हणालो असतो. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

पण तुला हे जेट्टीवर कोणाच्या तोंडून कळू नये. तू माप घ्यायला वाकलेली असशील आणि मागून कोणी बोलेल, आधी नवऱ्याला शिकव म्हणून. तसं होऊ नये. फोन केला असता तर तू विचारलं असतंस आणि मी पुन्हा रेंज गेली म्हणालो असतो. म्हणून पत्र. स्पीड पोस्ट आहे, बुधवारपर्यंत मिळेल. भाऊजी बुधवारी रात्री निघाले तर शुक्रवारी सकाळी इथे पोहोचतात. स्वतः येऊन सांगितलं तर वेगळं पडतं, असं मॅडम म्हणाल्या. किती वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. भाऊजींना पाठवायचं की नाही, ते तू ठरव. मी त्यांना फोन करणार नाही. मी त्यांना दिलेला शब्द या पत्राने मोडला आहे.

तुझं काम राहील का, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ऑफिसच्या सरांना मी लिहून देऊ शकतो की तुला यातलं काहीही माहीत नव्हतं. स्वच्छ अक्षरात लिहीन.

आईचा आवाज येतो आहे. बादली घ्यायला जातो.

मोठी आहेस म्हणून नेहमी तुझ्या पाया पडत होतो. या वेळी तसं लिहिण्याची हिंमत नाही.

अंकुश

हिशोब :
२२ एप्रिल, मासा मिळवून दिल्याबद्दल शेठकडून मला, पगाराशिवाय : २,०००
त्यातून खर्च :
तुझे गमबूट : ६५०
त्यांचं पार्सल : १४०
आईच्या गोळ्या : ३६०
हातात शिल्लक ८५०. शुक्रवारी मॅडमकडे जमा करणार.
मेळ्याचा तीन आठवड्यांचा पगार शेठकडे अडकला आहे. तो येणार नाही असं धरलं आहे.
देणे : १,१५०. काम लागलं की भरणार.
बुटांचे पैसे तू देऊ नकोस, आणि बूट परत पाठवू नकोस. बर्फाच्या पाण्यात उभं राहावं लागतं तुला.