बशांशिवायचे कप

१९ नोव्हेंबर, दुपारचे सव्वादोन
दुकानामागची मापाची खोली

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोके ठेवते, आणि या वेळी ते लवकर वर उचलण्याचे धाडस होत नाही. तुझा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे. डबा संपवते आणि तुझ्या आज्ञेप्रमाणे चष्मा पुसूनच वाचायला बसते.

मागचे पत्र तू नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून परत पाठवलेस. ऱ्हस्व-दीर्घाच्या चारही चुका मान्य. पण सर्वांत मोठी चूक तुझ्या नजरेतून निसटली, आणि ती निसटावी अशीच वाक्यरचना मी केली होती.

तीन महिन्यांपूर्वी मी लिहिले होते की, मला एका दुकानात लेखी काम मिळाले आहे. कपांचे आकार, त्यांची मापे आणि कोणाला कोणता योग्य, हे सोप्या मराठीत लिहायचे आहे. त्यावर तू कळवलेस, 'कप जपून हाताळ, तुझ्या हातून काचेचे काही टिकत नाही. सवलत मिळाली तर अर्धा डझन पाठव, बशांसकट.'

आत्या, या कपांना बशा नसतात.

घे, लिहून टाकले! हे दुकान बायकांच्या आतल्या कपड्यांचे आहे. तुझा गैरसमज मला त्याच दिवशी दूर करता आला असता. पण तू मुख्याध्यापिका, मी शाळेत पहिली आलेली तुझी भाची, आणि हा शब्द आपल्या घरात कोणी कधी मोठ्याने उच्चारला नाही. आपण ते कपडे वाळतसुद्धा टॉवेलाखाली घालत आलो. म्हणून तू चिनी मातीचे समजलीस आणि मी समजू दिले.

आता खरी बातमी ऐक. मी लिहिलेली माहितीपुस्तिका आज सकाळी छापून आली! सोळा पानांच्या हजार प्रती. शाई इतकी ताजी की माझ्या अंगठ्याचा ठसा पहिल्या प्रतीवर उमटला. मी ती तीनदा वाचली आणि एकही मुद्रणदोष सापडला नाही. (तुला सापडेल. मला ठाऊक आहे.)

पहिला मसुदा मात्र फार फजितीचा होता. मी 'वक्षपरिमिती' आणि 'स्कंधपट्टिका' असे शब्द योजले होते. इथे माप घेणाऱ्या बाईंना सगळे टेपमावशी म्हणतात; वीस वर्षे त्या शिवणकाम करत होत्या. त्यांनी कागद डोळ्यांपासून दूर धरला. "हे काय गं, भूमितीचं प्रमेय? बाई पट्टा विकत घ्यायला आलीय, परीक्षेला नाही बसली." पुढच्या पानावर मी शीर्षक दिले होते, 'शारीरिक दोष व त्यांवरील उपाय'. ते वाचून मात्र त्या हसल्या नाहीत. "दोष? अगं, चुकतं ते माप. बाईत कसली चूक काढतेस?"

मी ते शीर्षक खोडले. मग त्यांनी मला पडद्याआड उभे केले, टेप गुंडाळला आणि विचारले, "हे तुझं आहे, की कोणाकडून मागून आणलंस?"

छत्तीस, आत्या. मी नववीत असताना तू आणलेस तेव्हापासून मी छत्तीसच घेत आले. निघाले काय? छातीखालचा घेर बत्तीस, वरचा पस्तीस. फरक तीन इंचांचा, म्हणून कप तिसऱ्या अक्षराचा, सी. पट्टा ढिला आणि कप लहान, असे दोन्हीकडून चुकलेले गणित मी आठ वर्षे अंगावर वागवले. आणि गणितात मला पैकीच्या पैकी!

किती शिकले म्हणून सांगू! भार पाठीवरच्या पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यांनी नव्हे. दोन्ही हात वर केल्यावर पट्टा पाठीवर सरकला, तर तो सैल आहे. नवा असताना सर्वांत बाहेरच्या हुकावर बसायला हवा, म्हणजे पुढे ताण गेल्यावर आत घेता येतो. दोन बाजू सारख्या नसतील (बहुतेकींच्या नसतात, हे मला माहीतच नव्हते!) तर मोठ्या बाजूचे माप घ्यायचे. उतरत्या खांद्यांना पट्ट्या आतल्या अंगाला जवळजवळ हव्यात. भरल्या अंगाला रुंद बगलपट्टी आणि पूर्ण कप. बाळंतपणानंतर पोट नाजूक असेल तर कमरेच्या वरपर्यंत येणारी मऊ सुती निकर. मांड्या भरलेल्या असतील तर तिच्या कडेला जाड इलॅस्टिक नको, पसरट पट्टी हवी. आणि यात सुंदर दिसणेही येते. ते मी आधी वगळले होते; टेपमावशींनी पेन्सिलने लिहायला लावले.

परवा पावभट्टीत काम करणारी एक बाई आली. दिवसभर जड ट्रे उचलते. खांद्यांवर पट्ट्यांचे दोन खोल वळ. म्हणाली, "सगळ्यात मोठा द्या बाई. सगळं झाकलं की झालं."

"झाकायला चादर मिळते, पलीकडच्या दुकानात," टेपमावशी म्हणाल्या. "इथं बसतं ते मिळतं. हात वर करा बघू."

त्या दिवशी पहिल्यांदा माप मी घेतले. नवा पट्टा चढवल्यावर तिने हात उंच नेले, खाली आणले, पुन्हा नेले. मग आरशाकडे बघून म्हणाली, "अगं बया! माझी मान एवढी लांब होती?"

मी हसले, आणि मग तिच्या खांद्यांकडे बघून तूच आठवलीस. तुझ्या खांद्यांवर तसेच वळ आहेत, आत्या. फळ्यावर लिहिताना तू दर दोन ओळींनी उजवी पट्टी वर सरकवायचीस आणि मुली खुसखुसायच्या. मीही तिथेच बसले होते. तू दुकानदाराला माप कधी सांगितले नाहीस. बोट दाखवायचीस आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले घेऊन लगबगीने बाहेर पडायचीस. त्याच घाईत माझे छत्तीस आले.

आणि त्याच वर्षी तू म्हणालीस, "खांदे पुढे घेऊन चाल. पुस्तकं छातीशी धर."

मी धरली. सगळे म्हणत, पोर किती वाचनवेडी! पुस्तके आधी झाकण्यासाठी होती. वाचायला लागले ते नंतर. हे तुला टोचावे म्हणून लिहीत नाही. त्या पुस्तकांनीच मला इथे आणले. पण तुझ्याजवळ धरायला पुस्तकेही नव्हती, नुसता पदर होता, हे मला परवा त्या बाईच्या पाठीमागे उभी असताना कळले.

दुकानाच्या मालकीणबाईंनी सोमवारपासून मला कायम केले आहे. अर्धा दिवस लेखन, अर्धा दिवस मापाची खोली. तुला विचारायला हवे होते. पण चष्मा सावरायच्या आत माझ्या तोंडून 'हो' निघून गेले. ते मी मागे घेणार नाही. मात्र तुला माझी लाज वाटली, तर या हजार प्रतींचा आनंद मला एकटीला पेलणार नाही.

पाकिटात कापडी टेप आहे. दार लाव, आरशासमोर ताठ उभी राहा, सावकाश श्वास सोड. एकदा छातीच्या अगदी खाली, एकदा सर्वांत भरल्या जागी. टेप सपाट राहू दे, आवळू नकोस. रागावली असशील तर चार पाने लाल कर, मी वाचेन. नसशील, तर उत्तरात एक शब्दही नको. नुसते दोन आकडे लिही.

खांदे मागे घेऊन, दोन्ही हात मोकळे ठेवून वाट पाहणारी,
तुझीच भाची
(माप ३२, अक्षर सी)