माणसाला न लागणारा प्रत्यय

अण्णा, काल आत्यानं वरण चाखलं आणि माझ्या लेकीला म्हणाली, "उप्पिल झालंय गं." पोरीनं मुकाट्यानं मीठ आणून दिलं. लातूरच्या या फ्लॅटमध्ये तुमची भाषा अजून बोलली जाते, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

देगलूरच्या घरात शाळेत शिकवून आलात की तुम्ही चुलीपाशी बसायचात. आजी तेलुगू बोलायची, आई चाकूरची मराठी, शेजारी कानडी. "या सगळ्यांच्या आधी आपले पूर्वज एकच कायतरी बोलत असतील, ते आपणच बनवू," असं म्हणून तुम्ही शब्द जुळवायचात. नीर म्हणजे पाणी, पाणी आणणारा तो नीरगार. उप्पु म्हणजे मीठ, जुट्टु म्हणजे केस, पिल्ला म्हणजे लेकरू. मागं 'इल' लावला की ती गोष्ट नसलेलं: आटलेला आड नीरिल, अळणी कालवण उप्पिल. तुमच्या टकल्या हेडमास्तरांना तर तुम्ही 'जुट्टिल' करून टाकलं होतं, आई पदर तोंडाला लावून हसली होती.

त्याच आठवड्यात आत्या गल्लीतल्या बारशाला गेली. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला आपल्याकडे आणून सोडलं होतं. बारशात तिला पाळण्याला हात लावू दिला नाही. घरी येऊन ती उंबऱ्यातच बसली. "दादा, तुझ्या पूर्वजांच्या भाषेत मला काय म्हणतात रे?"

तुमच्याच नियमानं 'पिल्ला'ला इल लावून जुळलेला शब्द मला दिसतोय आणि मी ओठ घट्ट मिटून तुमच्याकडे बघतेय. शेंगा फोडणारा तुमचा हात थांबतो.

"तसा शब्दच होत न्हाई. इल माणसाला लागत न्हाई."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

एरवी या भाषेला रिकामा उद्योग म्हणणारी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हाव, मला ठाव हाय तो नियम."

आत्या लई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तर मग मला नीरगार म्हणा. सगळ्या घराचं पाणी मीच भरून राहिले." हेडमास्तरांना तुम्ही पुन्हा कधी तसं म्हणाला नाहीत.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या भाषेत भूतकाळ कसा करायचा, ते आत्याला आणि मला, दोघींनाही आता आठवत नाही. परवा लेकीनं विचारलं, तेव्हा मी मनानंच एक प्रत्यय बसवला आणि तिला म्हटलं, आजोबांचाच आहे.