तारेतनं काय जातं

तात्या, अक्षर तुम्ही मला शिकवलं नाहीत, म्हणून तुमच्यावर रागवायचं तरी नातीच्या हातानं रागवावं लागतंय. ती पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. काल मला विचारलं, "आजी, पुढं कुठली शाखा घेऊ गं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या अंगाची लाही झाली ती तुमच्यावरच.

आपल्या सोलापूरच्या घरातली चूल. मी भाकरी थापतेय. दादा पुण्याहून पहिलं वर्ष करून आलाय, तुमच्या शेजारी जेवायला बसलाय. बांधकाम, यंत्रं की वीज, ते त्याला त्याच सुट्टीत ठरवायचं होतं. विजेचे दिवे तेव्हा गिरणीत आणि मोठ्या रस्त्याला तेवढे, आपल्याकडं कंदील. दादा म्हणाला, "मी विजेचं घेतो." तुम्ही म्हणालात, "रस्ता दिसतो, पूल दिसतो. तारेतनं काय जातं ते दिसतं का तुला?"

"दिसत नाही म्हणूनच शिकायचंय की, तात्या."

आई पदराआड हसली, मीही हसले. तुम्ही नाही हसलात. तुमचं साटंलोटं ठरलं होतं ना! मंगळवेढ्याच्या गुत्तेदाराची मुलगी दादाला आणि त्यांचा मुलगा मला. ते सरकारी पुलांची कामं घेणार, जावई त्या कामांची मापं घेणारा साहेब होणार, असा दोघा व्याह्यांचा बेत. "विजेवाला जावई त्यांनी काय उशाला घ्यायचा? मोडतील ते. मग हिला बसव घरात," म्हणत घास धरलेला हात तुम्ही माझ्याकडं केलात.

दादानं माझ्याकडं बघितलं, मी तव्याकडं. भाकरी करपली. "लक्ष कुठंय? सासरी नाव घालवशील," तुम्ही माझ्यावर खेकसलात. आणि दादा हळूच म्हणाला, "बांधकामाचं घेतो." झालं. एक भाकरी करपायला लागतो तेवढ्या वेळात दोन जन्म उरकलेत तुम्ही. अहो, लग्न मोडलं असतं तर मी पेढे वाटले असते! दादानं माझ्यासाठी मान तुकवली, आणि मला तर कुणी विचारलंच नव्हतं.

एवढी हुशारी करून झालं काय, तर सरकारनं दादाला नेमलं खानदेशात. गुत्तेदारांचे पूल इकडं, जावई तिकडं. मामंजींनी सगळा राग काढला माझ्यावर. "तुझ्या बापानं फसवलं," हे रोज ताटाबरोबर मला वाढलं जायचं. तुम्हाला निरोप धाडला, तर तुमचा उलट निरोप, "सांभाळून घे." काय सांभाळू, तात्या? तुमचा बेत? दादा मोठा साहेब झाला, नाही म्हणत नाही. एकदा हौसेनं मला त्याचा पहिला पूल दाखवायला घेऊन गेला, आणि पुलाकडं पाठ करून पलीकडच्या खांबावरच्या तारा बघत उभा राहिला. "बघ, इथवर आली गं वीज," एवढंच बोलला.

"आजी, हे सगळं लिहू?" नात विचारतेय. लिही बाई, एक शब्द गाळू नकोस.

तिला काय उत्तर दिलं तेही ऐका. "विजेचंच घे, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस," असं म्हणायला तोंड उघडलं, तर आतनं आवाज तुमचा आला. जीभ चावली. म्हटलं, "तुला काय आवडतं ते सांग, मला कळलं नाही तरी चालेल." मग किती वेळ बोलत होती! कळलं काही नाही, पण लई बरं वाटलं.

हा कागद टपालात टाकायचा नाही, माझ्या पेटीत ठेवायचाय. राग काही यानं जायचा नाही. पण एक आहे. तिन्हीसांजेला मी बटण दाबते, दिवा लागतो, मी हात जोडते. दिव्याखाली भिंतीवर तुमची तसबीर आहे. घरच्यांना वाटतं, नमस्कार दिव्याला असतो. मीही तसंच सांगत आले.