आवाज वाढवायचं बटण

मंगळवार, १४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस. ऑफिसचा मेल कंपनीने माझ्यासाठी बंद केलाय, आणि वहिनीकडे निरोप ठेवला की तिची बिचारीची उगाच कुचंबणा होते. तेव्हा कागद. अक्षर लावून वाच, तुला सवय आहे.

आई बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढायचं काही सोडत नाही. तू का येत नाहीस हे ती मला विचारत नाही. भाजी निवडता निवडता "त्याला सर्दी लवकर होते" एवढंच म्हणते आणि माझ्याकडे बघते. मी गॅलरीच्या कठड्याला रंग दिला, माळा आवरला. घरी बसवलेल्या माणसाला कामं सुचतात.

मी ठणठणीत आहे. दोन आठवडे घरी बसवलं की ही नरम येईल असं तुझ्या लोकांना वाटलं होतं. आलेली नाही, एवढं त्यांना सांग.

"तुझे लोक" असं लिहून गेले बघ. गेल्या महिन्यापर्यंत "आपले" म्हणत होते.

गुरुवारी चौकशी समितीपुढे मी काय बोलले ते कंपनीच्या वकिलांनी तुला सांगितलंच असेल. पण वकील त्यांना सोयीचं तेवढं सांगणार. म्हणून माझ्या तोंडून ऐक.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची खोली, लांबलचक टेबल, पलीकडे तिघं जण. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरीणबाई, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या. भिंतीशी ती नर्स बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई. तिच्यावर आरोप काय, तर खाटेशेजारच्या आपल्या कंपनीच्या मशीनचा आवाज तिने कमी केला, म्हणून पेशंटचा ऑक्सिजन खाली गेला तरी अलार्म कोणाला ऐकू आला नाही. चार मिनिटं. पडद्यावर लाल आकडे लागले होते, ते तिनेच दुसऱ्या खोलीतून परत आल्यावर पाहिले आणि धावाधाव केली. पेशंट वाचला. निवृत्त बस ड्रायव्हर आहे तो. उजवा हात आता त्याचं ऐकत नाही.

मशीनच्या नोंदीत शेवटची ओळ होती, "आवाजाचं बटण दाबलं." वाढवायचं की कमी करायचं, ते आपलं मशीन नोंदवतच नाही. त्या एका ओळीवर कंपनीने हॉस्पिटलला पत्र लिहिलं आणि हॉस्पिटलने तिला घरी पाठवलं.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "इंटरप्ट" वगैरे कॉम्प्युटरचे शब्द नकोत, घरच्या भाषेत सांगा. मी सांगितलं. समजा मी घरात एकटी आहे. कपाटातलं सामान लावायला घेतलंय आणि काम होईपर्यंत त्याला माझं कुलूप आहे. इतक्यात दारावरची बेल वाजते. घरचा नियम असा, की बेल वाजली की हातातलं सगळं जिथल्या तिथे सोडून आधी दार. इंटरप्ट म्हणतात तो हाच. आवाजाच्या चिपकडचा माल, म्हणजे पुढे वाजवायचा आवाज, संपत आला की ती बेल वाजवते, प्रोसेसर हातातलं काम टाकून तिच्याकडे धावतो. आता दारातल्या माणसाला हवी असलेली वस्तू नेमकी कपाटात आहे. आणि घरचा दुसरा नियम, कपाटाला कुलूप असेल तर ज्याने लावलं त्याचं काम उरकेपर्यंत थांबायचं.

बाई म्हणाल्या, "कुलूप तर तुम्हीच लावलंय. म्हणजे तुम्ही स्वतःचीच वाट बघत उभ्या?"

"हो," म्हटलं, "आणि जन्मभर उभी राहणार. चिपला माल मिळत नाही, ती गप्प. पडद्याचा प्रोसेसर वेगळा, तो मजेत चालू राहतो."

आवाजाचं बटण दाबलं की आपला कोड ते कुलूप लावतो. नेमक्या त्याच क्षणी चिपची बेल वाजली की संपलं. तो क्षण इतका बारीक की हजारो वेळा काही होत नाही. मी आपलं मशीन टेस्टिंगच्या टेबलावर ठेवून अलार्म चालू केला आणि बटण वर-खाली, वर-खाली दाबणारा छोटा प्रोग्रॅम लावून दिला. टेस्टिंगच्या काकू दोन दिवस कानात कापूस घालून शेजारी बसल्या. एकेचाळीस हजार तीनशे सहाव्या दाबाला खोली शांत झाली. काकूंनी कापूस काढला.

"बंद केलंस?"

"मी हातही लावला नाही," म्हटलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. मी धावत तुझ्या केबिनमध्ये आले. तू सगळं ऐकून घेतलंस, एक प्रश्नही चुकीचा विचारला नाहीस. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कागद ठेवलास, "सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही." म्हणालास, सही कर, दुरुस्ती आपण पुढच्या आवृत्तीत घालून टाकू, कोणाला कळणारही नाही. मी म्हटलं, आणि ती नर्स? तू म्हणालास, तिला दुसरीकडे नोकरी मिळेल. आवाज चढवला नाहीस. आरडाओरडा केला असतास तर परवडलं असतं. बिलातली चूक दाखवावी तसं शांतपणे बोललास. त्या दिवशी मी कागद फाडला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, फक्त तुकडे तुझ्या टेबलावर टाकायला नको होते.

आता ते लिहिते, ज्याच्याभोवती दोन पानं घुटमळतेय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा कोड कोणी लिहिला? वकील उठायला लागले. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या भावाने. वकील बसले. तुला राग याचा आला असणार, की मी तुझं नाव घेतलं. पण मी तिथे थांबले नाही, दादा, आणि हे त्यांनी तुला बहुधा सांगितलं नसेल. मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी कोडमधली ती जागा मी पाहिली होती. "कुलूप लावताना इथे इंटरप्ट बंद केलेला नाही" अशी नोंदही तिथे केली होती. तू मला बोलावलंस. म्हणालास, चालतंय ना? मग हात लावू नकोस. तू नोंद पुसली नाहीस, पुसायला सांगितलीही नाहीस. मी आपण होऊन जागेवर गेले आणि पुसली. त्याच आठवड्यात तू माझं नाव वरच्या पदासाठी सुचवलं होतंस. इंटरप्ट म्हणजे काय हेही मला तूच शिकवलं होतंस. तुझी चूक काढणारी मी कोण, असं मनाला समजावलं. बरं वाटावं म्हणून समजावलं. खरं म्हणजे मला ते पद हवं होतं.

हे सगळं त्या खोलीत, त्या नर्ससमोर बोलले. आवाज कापला नाही. कापायला हवा होता की काय, कोण जाणे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये नर्स माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "मी आवाज वाढवत होते. बाजूच्या खोलीत ऐकू यावा म्हणून. महिनाभर सांगतेय, कोणी ऐकत नाही." मग म्हणाली, "तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तिने पर्स खांद्याला लावली आणि गेली. ठीकच केलं तिने.

कालपासून ती कामावर रुजू झाली आहे, हॉस्पिटलच्या लेखी माफीसकट. आपली नऊशे मशीन्स दुरुस्त होईपर्यंत प्रत्येकापाशी एक माणूस बसवायचा हुकूम निघालाय. कंपनी मला परत घेईल असं वाटत नाही. नाही घेतलं तर दुसरीकडे जाईन. जाताना ताठ मानेने जाईन, आणि का गेले ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

पत्रासोबत दोन कागद आहेत. ती माझी दुरुस्ती, अकरा ओळींची. समितीने मागितली म्हणून लिहिली. कपाट हाताळताना तेवढा क्षणभरच बेल अडवून ठेवायची. ती हरवत नाही, कुलूप निघालं की लगेच वाजते. आणि दारात उभं राहून लांबलचक कामं काढायची नाहीत. चिपला "ऐकलं" म्हणायचं, चिठ्ठी लिहून ठेवायची, बाकीचं मागाहून निवांत. तू मला पहिल्याच आठवड्यात असंच शिकवलं होतंस. स्वतः लिहिताना का विसरलास, हे मी कधीतरी विचारीन. आज नाही.

समितीला दुसऱ्या माणसाची तपासणी हवी आहे. त्या चिपच्या खोडी ओळखणारे दोघंच, आणि त्यातली एक मी. नवीन मुलांना विचारून उपयोग नाही. सातवी ओळ नीट बघ; चिपला पोच आधी द्यावी की चिठ्ठी आधी लिहावी, यावर मी दोनदा मत बदललंय. चूक असेल तर खाडाखोड करून पाठव. माझ्यावरचा राग कोडवर काढू नकोस, तिकडे नऊशे माणसं झोपलेली आहेत.

तळाशी "तपासणारा" लिहून जागा कोरी सोडली आहे. शुक्रवारी दुपारी चार वाजता मी हे कागद समितीकडे देणार, तुझ्या सहीसह किंवा सहीशिवाय. जागा कोरी दिसली तर डॉक्टरीणबाई विचारतील, ही कोणासाठी होती. मी सांगेन.

तुझ्यावर चिडलेली, आणि तुझ्याशिवाय हे कोणाला दाखवावं ते न सुचलेली,
धाकटी