आईनं झेंडा परत पाठवला

३ जाने., शनि.
आज कारखान्यात गिरिजाची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. चहाच्या सुट्टीआधी. माझ्या शेजारचंच मशीन. पुढची जाळी काढून ठेवलेली. जाळी असली की माल हळू निघतो, म्हणून सुपरवायझरनंच काढायला लावलेली. रिक्षात घातलं तेव्हा ती ओरडली नाही. "अक्का, माझा डबा तिथंच राहिला," एवढंच म्हणाली.
मशीन पुसलं, लगेच दुसरी बाई बसवली.

५ जाने., सोम.
कंपनी म्हणते चूक गिरिजाचीच. ठेक्यावरची बाई, दवाखान्याचं ठेकेदार बघेल. ठेकेदार फोन उचलत नाही.
जेवणाच्या सुट्टीत रेणुका अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "युनियन केल्याशिवाय हे ऐकायचे नाहीत. शोभा, गेटवर तू बोल. तू यल्लाप्पांची लेक." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. अप्पांची मिल बंद पडून जमाना झाला तरी तारिहाळच्या कारखान्यांत त्यांचं नाव चालतं. बरं वाटलं.
घरी काही बोलले नाही.

७ जाने., बुध.
अप्पांनी कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, मागावर उमर काढली, आता तोच कापूस छातीत. आज जरा बरे होते. आई स्वैपाकघरात आहे बघून गिरिजाचं सांगितलं. वाटलं, डोळे चमकतील. मिलच्या संपात हेच गेटवर बोलायला उभे राहायचे. मी लहान. त्यांच्या खांद्यावर बसून घोषणा द्यायचे, काही न कळता. गेटसमोर हंड्यात डाळ-तांदूळ शिजायचा, सगळी पोरं एका ओळीत बसून जेवायची. मला तर ते दिवस सणासारखे आठवतात. आईसमोर असं म्हणायची सोय नाही.
विचारलं, "अप्पा, बोलू का गेटवर?"
आधी खोकून घेतलं. मग, "आईला विचार."
"तिला कशाला?"
"मी विचारलं नव्हतं."

११ जाने., रवि.
थोरल्या भावाच्या, अण्णाच्या कानावर गेलंच. दुर्गदबैल बाजारातलं दुकान नोकरावर टाकून आला. चप्पल काढायच्या आधीच सुरू.
"संप म्हणजे काय तुला ठाऊक नाही. तू हंड्याभोवती नाचत होतीस. मी शाळा सोडून त्याच बाजारात हातगाडी ढकलली. हे भाषण करत होते नि मी पोती उचलत होतो. लाल झेंडा दिसला की माझे खांदे अजून दुखतात."
"गिरिजाचं काय मग?"
"तिचं वाईट झालं. पण तू घर कशाला पेटवतेस?"
अप्पा ऐकत होते. तोंड भिंतीकडं.
दर निवडणुकीला अण्णा बाजारातले शेठ म्हणतील तिकडं मत देतो, अप्पा झेंड्याला. जातात मात्र एकाच रिक्षातून. वाटेत बोलत नाहीत. आई मधे बसते. ती कुणाला देते, ते दोघांनाही ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारलेलंही नाही.

१६ जाने., शुक्र.
अप्पा गेले. सकाळी. आई बशीत चहा ओतून देत होती.

१७ जाने., शनि.
काल एवढंच लिहवलं. आज लिहून ठेवते, नाहीतर मीच बदलून सांगेन पुढं.
तिरडी बांधत होते तेव्हा बसप्पा काका आले. अप्पांचे मिलमधले जोडीदार. बरोबर आणखी दोन म्हातारे. काखेत झेंडा, धुवून घडी घातलेला. अंगावर घालायला पुढं झाले. आई उठून मधे आली.
"झेंडा नको, भाऊजी."
"वैनी, त्याची इच्छा होती."
"असंल. माझ्या कस्तुरीवर घातला होता का कुणी?"
बसप्पा काका एक पाऊल मागं सरले.
"ताप डोक्यात गेला तिच्या. तुम्ही सगळे गेटवर. माझं लुगडं फाडून गुंडाळली तिला. मी नि हा," अण्णाकडं हात केला, "एवढासा होता हा. आम्ही दोघांनी नेली."
कस्तुरी माझ्या पाठची. एक बहीण होती नि संपात गेली, एवढंच मला ठाऊक. आईच्या तोंडून नाव पहिल्यांदा ऐकलं.
बसप्पा काकांनी झेंडा परत काखेत घेतला. "तप्पायितु, वैनी," म्हणाले. चूक झाली. मग पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. तोही रडला. आई रडली नाही.
अप्पांना पांढऱ्यातच नेलं.
कस्तुरीला नेलं तेव्हा मी कुठं होते? हंड्यापाशीच असणार. जेवत असणार.

२९ जाने., गुरु.
दिवसकार्य झालं. कामावर गेले तर कळलं, गिरिजाला काढलं. सुटल्यावर तिच्या घरी गेले. डाव्या हातानं भाकरी थापत होती. थापता थापता फाटायची, परत गोळा करायची. मी पुढं झाले तर म्हणाली, "नको अक्का, शिकायलाच पाहिजे की." माझ्याकडं काही मागितलं नाही तिनं. मागितलं असतं तर सोपं गेलं असतं.
सोमवारी गेट मीटिंग.

१ फेब्रु., रवि.
आई तांदूळ निवडत होती. जवळ जाऊन बसले.
"आई, उद्या गेटवर बोल म्हणायल्यात मला. अप्पा म्हणाले होते, तुला विचार."
हात थांबला. "ते म्हणाले?"
"होय."
"कधी?"
"जायच्या आधी."
पदर तोंडाला लावला. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. हो म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. परत सूप पुढं ओढलं नि मग,
"त्या बोटं गेलेल्या पोरीला आई आहे काय गे?"
"नाही."

२ फेब्रु., सोम.
बोलले. माणसं थोडीच, बायका त्याहून कमी, आतल्या खिडक्यांतून बघणाऱ्या जास्त. अप्पांचं नाव घेऊन सुरुवात करायची ठरवलेली. तोंडातून कस्तुरीचं आलं. गिरिजाबद्दल बोलायचं सोडून काय बोलत होते कोण जाणे. रेणुका अक्का पाठीवर हात फिरवत होती.
सुटल्यावर वॉचमननं अडवलं. मान खाली घालून म्हणाला, "उद्यापासून आत सोडू नको म्हणालेत, अक्का." मी, रेणुका अक्का, आणखी चौघीजणी.
अण्णाचा फोन. "झालं समाधान?" फोन मात्र ठेवेना.
आईला सांगितलं. ऐकून घेतलं, उठली, मला ताट वाढलं.
"तुझं?"
"मला भूक नाही."
"आई, संपातल्यासारखं नाही आता, तांदळाचा डबा भरलेला आहे. अण्णा आहे."
"असू दे. तू जेव."
उरलेलं सगळं झाकून ठेवलं नि भिंतीला टेकून माझ्या ताटाकडं बघत बसली. मला एक घासही टाकता येईना.

३ फेब्रु., मंगळ.
सकाळ. आईनं नुसता चहा घेतला. रेणुका अक्का म्हणते गेटबाहेर बसायचं, ऐकेपर्यंत. किती दिवस, ते तिलाही ठाऊक नाही.
अण्णा आलाय. दारात उभा, आत येत नाही. आईला दुकानाकडच्या घरी न्यायला आलोय म्हणतो. "एकदा भोगलंय तिनं, परत नको."
माझी गेटवर निघायची वेळ झालीय. आईनं लुगडं बदललंय. चप्पल शोधतेय. कुणाबरोबर निघालीय, अण्णानं विचारलं नाही. मीही नाही.