दाजींनी लावलेली कॉलर

तिरुपूर, ४ जानेवारी २००२

ती. सौ. आक्कास, सोमशेखरचा सा. न. वि. वि.

दाजींच्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पार्सल टाकलंय. त्यात माझा हेन्ली शर्ट हाय. वीस तारखेला गडहिंग्लजला विद्याश्रीला बघायला जाताना हाच घालणार. हेन्लीला कॉलर नसते. गोल गळा आणि छातीपर्यंत तीन बटणांची पट्टी, बस्स! अर्ध्या बाहीचाही असतो, वेगळ्या रंगाच्या बाह्यांचाही. माझा पूर्ण बाहीचा, राखाडी. कारखान्यात हजारो शिवून घेतले, पण हा मी स्वतः कापलाय.

आक्का, तिनं दोन स्थळं नाकारलीत म्हणे. गडहिंग्लजच्या एका लग्नात तिला बघितल्यापासून मला दुसरं काही सुचत न्हाय. लोभ ठेव, आणि शर्टावर इस्त्री हळू फिरव.

तुझा, सोमू

कोल्हापूर, १२ जानेवारी

चि. सोमूस अनेक आशीर्वाद.

घोळ झालाय की रं! पार्सल आधी आलं, पत्र मागनं. तुझ्या दाजींना वाटलं, पोराला कापड कमी पडलं. मेव्हण्याची अब्रू राखायला त्यांनी पांढऱ्या कापडाची, आत बकरमचं कडक अस्तर घालून ताठ कॉलर लावली. वर दुकानात टांगून गिऱ्हाइकांना दाखवत्यात. एवढे खूश हाईत, मला सांगवंना. तूच बघ काय करायचं ते. माया हायच.

तुझी आक्का

तिरुपूर, २४ जानेवारी

ती. सौ. आक्कास सा. न.

माझं स्थळ गेलं! मान वळेना, म्हणून तिला धड बघताही आलं न्हाय. पोहे देताना ती गळ्याकडं बघून खुदकन हसली. शर्ट कुणी शिवला, एवढंच विचारलं. शेजारी दाजी फुलून बसलेले. मी म्हणालो, आमच्या दाजींनी. शर्ट तुझ्याकडंच ठेवून आलोय, पुन्हा नजरेला पडायला नको. एवढं रडगाणं पोटात घाल.

तुझा, सोमू

कोल्हापूर, ३१ जानेवारी

चि. सोमूस भरभरून आशीर्वाद.

येड्या, होकार आलाय! विद्याश्री आज आईला घेऊन दुकानात आली. शिवणक्लास घेती ती. कॉलर मागनं लावलीय हे तिनं टाक्यांवरनंच ओळखलं हुतं. खोदून विचारल्यावर मी सगळं सांगितलं. हसून हसून तिला उचकी लागली. म्हणाली, दाजींचं मन राखायला जो दोन तास मान ताठ करून बसला, त्याच्याशीच लग्न करणार. अट एकच: कॉलर ती स्वतः उसवणार.

तुझ्या दाजींनी सगळं ऐकलं. मला धडकीच भरली. ते उठले आणि आपली बारकी कात्री तिच्या हातात दिली. बारा वर्षांत मला त्या कात्रीला हात लावू दिला न्हाय, सोमू! विद्याश्री आता समोर बसून कॉलर उसवतीया आणि हे शेजारी बसून दिवा धरत्यात.

लाडू घेऊन लवकर ये, न्हाईतर लोभ बंद.

तुझी आक्का