पूर्ण एक मिनिट

सांगली,
शुक्रवार, १६ जानेवारी

प्रिय उदय,

साताऱ्यातल्या सत्काराचा तुझा फोटो पेपरात पाहिला. शाल, फेटा, आणि फेट्याखाली शाळेत पहिला नंबर आल्यावर करायचास तसा चेहरा. आमच्या वॉर्डात तो अंक सकाळपासून फिरतोय. आमच्या आयाबाई बनुबाईंनी तर फोटो कापून औषधांच्या कपाटावर चिकटवलाय. कपाटाची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे दिवसातून दहादा तुझं तोंड बघावं लागतं. फोटोखाली लिहिलंय, 'श्वास मोजून जीव वाचवणारा डॉक्टर'. वाचून आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की हातातला ट्रे तसाच ठेवून मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

अभिनंदनाचा फोन करायचा सोडून आक्का पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'राउंडला चाललोय' म्हणून ठेवतोस. पत्र मध्येच कापता येत नाही. जोतीराम उद्या टेम्पो घेऊन साताऱ्याला येतोय, त्याच्याकडे देतेय. तुझ्या हातातच दे, केबिनबाहेरच्या पोरीकडे देऊ नको, असं बजावलंय. कारण सोमवारी अकरा वाजता सुंदरीची चौकशी आहे आणि त्याच्या आत तू हे वाचलेलं असायला हवं.

सुंदरी आठवते ना? की तक्रारीत नाव लिहिण्यापुरतीच आठवत होती? स्पेशल रूमच्या मजल्यावरची समडोळीची पोरगी, तेवीस वर्षांची, नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. तुझ्या सहीच्या कागदावरून पाच महिने घरी बसलीय. सोमवारी समितीनं दोषी ठरवलं की नोकरी गेली, आणि त्या शेऱ्यानिशी तिला दुसरं कुठलं हॉस्पिटल उभं करणार नाही. हे तुला माहीत आहेच. तरी पुन्हा लिहिते, कारण माहीत असणं आणि डोळ्यांपुढे असणं यात फरक असतो.

तुझा लेख मी वाचला. हसू नकोस, इंग्रजी आहे म्हणून काय झालं. चार रविवार घालवले, अडलेले शब्द आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंना विचारले. सुरुवात तर फार छान केलीयस. भाषणातही तू तेच सांगतोस म्हणे, आबांची आणि म्हशीची गोष्ट. आपली मोरी म्हैस खायची बंद झाली होती आणि आबा तिच्या कुशीवर हात ठेवून, पलटणीतलं घड्याळ डोळ्यांपुढे धरून उभे होते. तू विचारलंस काय करताय, तर म्हणाले, "जनावर बोलत न्हाई रं. त्याचा दम मोज, मंग समजंल त्याला काय हुतंय. आन् मोजायचा तर पुरं मिनिट मोज, अर्ध्यावर सोडू नगंस." सुभेदारांचा हुकूम तो. मीही तिथंच होते, वैरणीची पाटी डोक्यावर घेऊन. तुझ्या गोष्टीत मी नसते, ते असो.

संशोधन चांगलं आहे, हे मी तुझ्या तोंडावर सांगेन. माझ्याइतकं ते कुणाला कळणार? बावीस वर्षं मी तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात वीस लिहीत आले. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब मशीन सांगतं, नाडीचा आकडा बोटाच्या चिमट्यावर दिसतो. श्वास मात्र उभं राहून मोजावा लागतो, आणि चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर असल्यावर उभं राहायला वेळ कुणाला आहे? म्हणून वीस. आम्हाला सिनियरांनी तसंच शिकवलं, आम्ही धाकट्यांना तसंच शिकवलं. मरणारा माणूससुद्धा मरायच्या आधी तासभर आमच्या कागदावर वीसच श्वास घेत असायचा. तू आलास आणि म्हणालास, दर तासाला हात ठेवायचा, पूर्ण एक मिनिट मोजायचं, आकडा पिवळ्या चौकोनात गेला तर लक्ष ठेवायचं, लाल चौकोनात गेला की सिस्टरनं थेट डॉक्टरला बोलवायचं आणि डॉक्टरनं पंधरा मिनिटांत यायचं. आम्ही आधी नाकं मुरडली. मग सहा महिन्यांत आमच्या चार नंबरच्या वॉर्डात अचानक दगावणारी माणसं निम्म्यावर आली. बायका नवऱ्यांना चालवत घरी नेत होत्या आणि मला वाटायचं, माझ्या धाकट्या भावानं हे केलंय. अभिमानानं ऊर भरून यायचा रे.

ही मोजणी कुठल्या वॉर्डात आधी सुरू करायची, ती पाळी चिठ्ठ्या टाकून ठरली होती. सगळ्यात शेवटी आला स्पेशल रूमचा मजला. तिथली माणसं दर तासाला कुणी अंगाला हात लावला की तक्रार करतात, म्हणून तो शेवटी आला तेव्हा मॅनेजमेंटला बरंच वाटलं. तिथं अजून जुनंच चालू होतं. हे तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

ऑगस्टमध्ये आबांना न्यूमोनिया झाला, कडेगावहून गाडीत घालून आणलं आणि माझ्याच वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर ठेवलं. पाच दिवस ते तिथं होते. शेजारच्या खाटेवर रामगोंडा म्हणून एक शेतकरी होते, दोघांची ऊस आणि पलटण यावर अशी गट्टी जमली की जेवणाचं ताट आलेलं कळायचं नाही. दर तासाला सिस्टर येऊन पोटावर हात ठेवायची आणि आबा तिच्याबरोबर मनात मोजायचे. तिनं चोवीस म्हटलं की म्हणायचे, "पंचवीस. एक तू चुकवलास, पोरी." आकडा पिवळ्या चौकोनात होता. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन दिवस इथून हलवू नका.

मग शनिवारी भाऊसोकाका गावाकडची गाडीभर माणसं घेऊन भेटायला आले. खाटांच्या रांगेत उभं राहून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले, "दोन दोन लेकरं दवाखान्यात, एक डाक्टर, एक सिस्टर, आन् सुभेदार जनरलला? काय म्हणतील लोक?" आबा म्हणाले, "मला हितं लय बरं हाय." त्यांचं कुणी ऐकलं नाही. काकांनी तुला हैदराबादला फोन लावला. तू तिथं ह्याच संशोधनाचे आकडे मांडायला गेला होतास. आणि ज्यानं पिवळा चौकोन आखला त्यानंच फोनवरून सांगितलं की आबांना सकाळी स्पेशलला हलवा, माझं नाव सांगा. कुठल्या वॉर्डात माणूस जगतो हे तू मोठ्या पडद्यावर दाखवत होतास, आणि आपल्या बापाला तिथून उचलायला लावत होतास. आपल्याकडे बापाचा मान राखायचा म्हणजे त्याला चार माणसांतून उचलून बंद दाराआड ठेवायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण आपण सगळे तेच करतो.

हलवण्याच्या कागदावर सही माझी आहे. ती मी नाकारत नाही. काकांच्या बोलण्यानं मलाही लाज वाटली होती.

रविवारी अकराला आबांना वर नेलं. त्या दिवशी माझी सुट्टी होती. सव्वाचारला मी आंबील घेऊन परत आले तेव्हा त्यांचे ओठ काळे पडले होते आणि बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टर धावत आले, पण सहा वाजून दहा मिनिटांनी आबा गेले. बाहेर सिस्टरच्या टेबलावरच्या तक्त्यात, श्वासाच्या रकान्यात एक वाजता वीस, दोन वाजता वीस, तीन वाजता वीस, चार वाजता वीस.

तेरावा झाला आणि तू तक्रार केलीस, की ड्युटीवरच्या सुंदरीनं न मोजताच वीस लिहिलं. तुझं दुःख खरं होतं, ते मी पाहिलंय. पण दुःखाला एक माणूस लागतो, तो तुला सापडला. सुंदरीनं खुलाशात लिहिलं की दार बंद होतं आणि दारावर चिठ्ठी होती, पेशंटला उठवू नये म्हणून. तू उत्तर दिलंस की अशी कुठलीही चिठ्ठी नव्हती, कसूर झाकायला मुलगी बनाव रचतेय. चिठ्ठी कुणाला सापडली नाही. मग तू साताऱ्याला मोठ्या पदावर गेलास, लेख छापून आला, फेटा बांधून झाला.

त्या लेखातल्या एका तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. तिथं माझं बोट थांबलं. 'उपचार चालू असताना वॉर्ड बदललेले अकरा रुग्ण मोजणीतून वगळले आहेत.' मी रजिस्टर काढून बसले. अकराच्या अकरा जण जनरलमधून स्पेशलला गेलेले. कुणी सरपंच, कुणी कारखान्याचा संचालक, कुणी कुणाचा सासरा. त्यातले चार गेले. चौथे आबा. पहिल्या पानावर म्हशीशेजारी आबा आहेत आणि आतल्या पानात ते मेलेलेच नाहीत. तू म्हणशील, पद्धतच तशी असते, आक्का. असेल. मी चारच इयत्ता कमी शिकलेय तुझ्यापेक्षा, वाद घालणार नाही. पण सगळ्या लेखात खरं शिकण्यासारखं त्या अकरा जणांतच होतं, आणि तेवढंच तू बाहेर ठेवलंस.

परवा सुंदरी भेटली, विश्रामबागच्या चौकात, आईबरोबर. मी तोंड चुकवून निघाले होते. ती स्वतःहून आली, पाया पडली. रडली नाही. म्हणाली, "सिस्टर, मी मोजलं न्हाई, हे खरं हाय. वीस लिवलं, ती माझी चूक. पन मोजायला आत तर जाऊ द्यायला पायजे हुतं." एवढंच म्हणून माझ्याकडे बघत राहिली, आणि आईनं हाताला धरून तिला नेलं.

चिठ्ठी होती, उदय. मी लिहिली होती. त्या दुपारी आबा म्हणाले, "जरा डोळा लागू दे गं, बाय," आणि पाच दिवस आम्ही त्यांना दर तासाला हलवत होतो ते आठवून माझा जीव कळवळला. त्या खोलीत मला सिस्टर व्हायचं नव्हतं, एक दिवस नुसती लेक व्हायचं होतं. पिशवीत तुझ्या संशोधनाचा एक कोरा तक्ता होता. त्याच्या पाठीवर लिहिलं, 'आबा झोपलेत. चारपर्यंत कुणीही उठवू नये. दीपमाला सिस्टर.' दाराला चिकटवलं आणि आंबील करायला घरी गेले. नोकरीत वर्षही न झालेली पोरगी माझी सही ओलांडून आत जाईल कशी? सव्वासहाला डॉक्टर आबांवर चादर ओढत होते तेव्हा मी ती चिठ्ठी काढून पर्समध्ये घातली. दहाव्याला घाटावर तू मला विचारलंस, दारावर काही होतं का. मी म्हणाले, नाही. तुझी तक्रार माझ्या त्या एका शब्दावर उभी आहे, आणि पाच महिने मी तुझा राग राग करत राहिले, कारण स्वतःचा करायची हिंमत नव्हती. सोमवारी ती चिठ्ठी मी समितीपुढे ठेवणार आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. माझं जे व्हायचं ते होईल. तू तक्रार मागे घे किंवा नको घेऊस, मी तिथं सुंदरीच्या शेजारी बसणार आहे. फक्त त्या अकरा जणांना मोजणीत परत घे. आणि एक आकडा लिहून घे, कारण तो कुठल्याच तक्त्यात नाही. सव्वाचारला मी आबांच्या पोटावर हात ठेवून त्यांचा श्वास मोजला होता, पूर्ण एक मिनिट. बेचाळीस होता.

तुझीच,
आक्का